महाराष्ट्रातल्या कागदांच्या फायली एनव्हीसीकडून परत का येतात?

नवीपॅरालीगल

अमेरिकेतल्या एका इमिग्रेशन लॉ ऑफिसमध्ये कौटुंबिक केसेसच्या कागदपत्रांचं काम माझ्याकडे आहे. पिटिशनर (अर्ज करणारे) बहुतेक इथे स्थायिक झालेले मराठी लोक. ज्यांच्यासाठी अर्ज, ते आईवडील, नवरा-बायको, भाऊ-बहीण महाराष्ट्रात. आय-१३० (नातेवाइकासाठीची पिटिशन) मंजूर व्हायला फारसा त्रास होत नाही. घोडं पेंड खातं ते पुढे, नॅशनल व्हिसा सेंटरला (एनव्हीसी) कागद अपलोड केल्यावर. जन्मदाखल्यावर नाव नाही, आईचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांचं, आय-८६४ (येणाऱ्यांची आर्थिक जबाबदारी घेण्याचा फॉर्म) मध्ये घरातली माणसं चुकीची मोजली, अशा कारणांनी फाइल परत येते आणि पुन्हा रांगेत लागते.

आमची पद्धत अशी: आधी डीएस-२६० (इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरून सबमिट करायचा, मग क्लायंटकडून कागद मागवायचे. हा क्रम बरोबर आहे का? १९७० च्या आधी खेड्यात जन्मलेल्यांचं काय करायचं? आणि मराठी कागदांचं भाषांतर ऑफिसातच केलं तर चालतं का, की नोटरी लागतेच? ज्यांनी या फायली हाताळल्यात त्यांनी बारकाव्यासकट सांगा.

---

दप्तरी

क्रम उलटा करा. कागद आधी, फॉर्म शेवटी. डीएस-२६० एकदा सबमिट झाला की तो परत उघडून घ्यावा लागतो, आणि उघडून घेणं म्हणजे एनव्हीसीला किंवा कॉन्सुलेटला विनवण्या. क्लायंट फोनवर आठवून तारखा सांगतो, आपण भरतो, नंतर दाखला येतो तो वेगळंच बोलतो. ही चूक क्लायंटची नाही, ऑफिसच्या क्रमाची आहे.

फाइल उघडली की पहिलं काम म्हणजे नावांचा तक्ता. आडव्या ओळीत माणसं (पिटिशनर, बेनिफिशियरी म्हणजे ज्याच्यासाठी अर्ज तो, दोघांचे आईवडील, बेनिफिशियरीचा जोडीदार, मुलं). उभ्या रकान्यांत कागद: पासपोर्ट, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, विवाह नोंदणी, आधार, जुने पासपोर्ट, आधीचे अमेरिकेचे व्हिसा. प्रत्येक चौकटीत कागदावर जसं छापलंय तसं नाव आणि जन्मतारीख उतरवायची. स्पेलिंग सुधारायचं नाही, 'त्यांना असंच म्हणायचं असेल' म्हणून जागा भरायची नाही. तक्ता पूर्ण झाला की कुठे फाटतंय ते आपोआप दिसतं.

मराठी फायलीत ठरलेल्या जागा आहेत, तिथे आधी बघा:

मधलं नाव. लग्नाआधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. म्हणजे बाईच्या नावातला दोन तृतीयांश भाग बदलतो. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात. एलसीवर 'कुसुम गणपत', पासपोर्टवर 'सुनीता प्रकाश'. अमेरिकन ऑफिसरच्या नजरेत या दोन वेगळ्या बायका आहेत, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

राव, बाई, पंत, जी. बाबुराव की बाबू, लक्ष्मीबाई की लक्ष्मी. भाऊ-बहिणीच्या (एफ-४) केसमध्ये दोघांचे आईवडील एकच आहेत हेच तर सिद्ध करायचं असतं. तिथे एका दाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं असेल तर आरएफई (जादा पुरावा मागणारी नोटीस) ठरलेली.

एक जून. एका पिढीच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला का येतो हे आपल्याला सांगावं लागत नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली तारीख पुढे एलसीवरून पासपोर्टवर गेली. मग नगरपालिकेतून खरा दाखला काढला की त्यावर नोव्हेंबर निघतो.

पासपोर्टवर नाव एकाच रकान्यात. 'गिव्हन नेम' रिकामं असलं तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं. ते पुढे ग्रीनकार्डावर, सोशल सिक्युरिटीवर, ड्रायव्हिंग लायसन्सवर चिकटून बसतं. मुलाखतीच्या बऱ्याच आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्यायला सांगा.

फॉर्मच्या मुख्य रकान्यात चालू पासपोर्टवरचं नाव. बाकी जेवढी नावं तक्त्यात निघाली तेवढी सगळी 'वापरलेली इतर नावं' मध्ये. लोक हा रकाना रिकामा सोडतात आणि नंतर 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' अशी प्रतिज्ञापत्रं जोडत बसतात. स्पेलिंगचा फरक, राव-बाईचा फरक यासाठी प्रतिज्ञापत्र पुरतं. पहिलं नावच बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा दोन्ही नावं एकत्र दाखवणारा विवाहदाखला शोधा. दहा रुपयांत झालेलं काम दहा रुपयांइतकंच टिकतं.

---

नमुना_पाच

दाखल्यांपुरतं मी लिहितो. महाराष्ट्रातल्या नोंदींमध्ये काय मिळतं, काय मिळत नाही, ते.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा, अंमल १ एप्रिल १९७० पासून. त्या तारखेनंतरच्या जन्माला अमेरिकन यंत्रणा निबंधकाचा दाखलाच मागते, म्हणजे आपला नमुना ५. त्यावर माणसाचं नाव, जन्मतारीख, ठिकाण, आई आणि वडील दोघांची नावं हवीत. एलसी, आधार, रेशनकार्ड यांपैकी काहीही त्याच्या जागी चालत नाही.

सर्वात नेहमीची अडचण: नोंद आहे, बाळाचं नाव नाही. दवाखान्यातून कळवलं तेव्हा बारसं झालेलं नव्हतं, नंतर कोणी फिरकलं नाही. दाखला काढला की नावाच्या जागी आडवी रेघ. असा दाखला एनव्हीसीला टाकू नका, परत येईल. कलम १४ खाली नाव नंतर घालता येतं. मूळ नियमात त्याला जन्मनोंदणीपासून १५ वर्षांची मर्यादा आहे, आणि जुन्या नोंदींसाठी सरकारने वेळोवेळी मुदतवाढी दिल्या आहेत. म्हणून संबंधित महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आज काय चालू आहे ते आधी विचारून घ्या. एलसी आणि आईवडिलांचे ओळखपत्र बरोबर न्यायचं. आईचं नाव दाखल्यावर कसं लागलंय तेही त्याच फेरीत तपासा, नाहीतर आठ दिवसांनी पुन्हा तीच खिडकी.

नोंदच नसेल तर दोन वाटा. एक, नमुना १०, म्हणजे नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला. दुसरी, कलम १३ खाली उशिरा नोंदणी. एका वर्षाहून जास्त उशीर झालेल्या नोंदीला पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्याने नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला.

१९७० पूर्वीचे खेड्यातले जन्म: तहसील कार्यालयाच्या अभिलेखागारात गाव नमुना १४ शोधा. कोतवाल बुक म्हणतात तेच. नोंद बहुधा अशी असते: तारीख, बापाचं नाव, 'मुलगा झाला'. मुलाचं नाव नसतंच. पण तारीख, गाव आणि बापाचं नाव जुळलं की दुय्यम पुरावा म्हणून तिचं वजन एलसीपेक्षा जास्त, कारण ती त्या वेळची नोंद आहे. नक्कल साक्षांकित घ्या, आणि त्यावरच्या शिक्क्याचा मजकूरही भाषांतरात आणा.

विवाहदाखला: लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळी असते. फॉर्ममध्ये लग्नाची तारीख लिहायची. लग्न १९९४ चं आणि नोंदणी २०१९ ची असेल तर घाबरू नका, ते सर्रास होतं. फक्त मधल्या काळातले कागद (मुलांचे दाखले, रेशनकार्ड, एकत्र बँक खातं) जोडा. लग्नपत्रिका आणि फोटो पुरवणी म्हणून ठीक, दाखल्याच्या जागी नाही.

घटस्फोट: कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत. स्टॅम्पपेपरवर दोन साक्षीदारांसमोर केलेला फारकतनामा आला तर तिथेच थांबा आणि वकिलाला दाखवा. हिंदू विवाह कायद्याचं कलम २९(२) रूढीनुसारचा घटस्फोट मानतं, पण त्या जातीत तशी रूढी आहे हे सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर. ते सिद्ध झालं नाही तर दुसरं लग्नच अवैध ठरतं आणि त्याच्यावर उभी केलेली पिटिशनसुद्धा.

---

नवीपॅरालीगल

@नमुना_पाच, एक उदाहरण समोर आहे. जन्म १९६७, नमुना १० हातात आहे, एलसीवर तारीख १ जून. कोतवाल बुकात त्या गावची त्या सालची पानं फाटलेली. आता उशिरा नोंदणी करून घेऊ का?

---

वकीलबाई

याचं उत्तर मी देते, कारण इथे 'दाखला मिळतोय ना, मग काढून टाका' हा मोह होतो.

नका करू. व्हिसाच्या तोंडावर, साठीच्या आसपास केलेली नोंदणी, तीही एलसीच्याच आधारावर, नवा पुरावा ठरत नाही. जुनाच कागद नव्या शिक्क्यात येतो, आणि ऑफिसर नोंदणीची तारीख पहिली बघतो. नियमात सरळ वाट दिलेली आहे: ८ सीएफआर १०३.२(बी)(२). मूळ दाखला नाही, तर तो नसल्याचं सक्षम अधिकाऱ्याचं पत्र (तुमचा नमुना १०) आणि सोबत दुय्यम पुरावा (एलसी, दहावीचं प्रमाणपत्र, जुना पासपोर्ट). दुय्यमही नसेल किंवा कमी पडत असेल, तर दोन किंवा अधिक प्रतिज्ञापत्रं. ती अशा लोकांची हवीत जे पिटिशनमध्ये पक्ष नाहीत आणि ज्यांना घटनेची प्रत्यक्ष माहिती आहे. म्हणजे जन्माच्या वेळी कळत्या वयाची मावशी, आत्या, शेजारी चालेल. १९८० मध्ये जन्मलेला चुलतभाऊ १९६७ च्या जन्माची साक्ष देऊ शकत नाही. असं प्रतिज्ञापत्र फायलीत गेलं की बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो. प्रतिज्ञापत्रात देणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, स्वतःची जन्मतारीख व ठिकाण, नातं, आणि मुख्य म्हणजे 'मला हे कसं माहीत' हे त्याच्या शब्दांत. पाच प्रतिज्ञापत्रांत तेच परिच्छेद नुसती नावं बदलून आले, तर पाचांची मिळून किंमत शून्य.

एक जूनबद्दल: खरी तारीख वेगळी असल्याचा समकालीन पुरावा हातात असेल तर पासपोर्ट आधी दुरुस्त करा, मग पुढे जा. पुरावा नसेल आणि आयुष्यभर सगळीकडे १ जूनच असेल तर १ जूनच ठेवा. घरात 'खरा जन्म दिवाळीतला' असं म्हणतात एवढ्यावर तारखा हलवायच्या नाहीत.

आता ज्या गोष्टीने फाइल नुसती परत येत नाही तर माणूस कायमचा अडकतो, तिच्याकडे. जुने डीएस-१६० (तात्पुरत्या व्हिसाचे अर्ज). बेनिफिशियरीने मधल्या वर्षांत टुरिस्ट व्हिसाला अर्ज केला होता का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. डीएस-१६० वर विचारलेलं असतं की तुमच्या नावाने कधी कोणी इमिग्रंट पिटिशन दाखल केली आहे का. भावाने २००८ मध्ये केलेली आय-१३० विसरून एजंट तिथे 'नाही' टिकमार्क करतो. वैवाहिक स्थिती, नोकरी, अमेरिकेतले नातेवाईक, इथेही तेच. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगितलं असं ठरलं तर आयएनए (अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा) २१२(ए)(६)(सी)(आय) खाली आजन्म बंदी. त्यातून सुटायला आय-६०१ माफी, आणि तिच्यासाठी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असलेला जोडीदार किंवा आईवडील लागतात, ज्यांना पराकोटीचा त्रास होईल हे दाखवावं लागतं. भाऊ किंवा मुलगा त्या यादीत नाही. एफ-४ मधल्या बऱ्याच लोकांकडे असं पात्र नातंच नसतं. तेव्हा जुना अर्ज सापडला आणि त्यात चूक दिसली, तर पॅरालीगलने ती 'जुळवून' घ्यायची नाही. फाइल वकिलाच्या टेबलावर. चूक अजाणता होती का, महत्त्वाची होती का, ती कुठे आणि कशी मांडायची, हा कायदेशीर सल्ला आहे.

एजंटने भरलं हा बचाव नाही. सही अर्जदाराची असते.

भाषांतर: नोटरी लागत नाही. यूएससीआयएसला (पिटिशन मंजूर करणारं अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि त्याखाली भाषांतरकाराचं प्रमाणन लागतं: भाषांतर पूर्ण व अचूक आहे, आणि मला दोन्ही भाषा येतात. नाव, सही, तारीख, पत्ता. ऑफिसातल्या माणसाने केलं तरी चालतं. पिटिशनरने किंवा बेनिफिशियरीने स्वतः करू नये, उगाच शंका कशाला. 'पूर्ण' म्हणजे पूर्ण: गोल शिक्का, समासातला शेरा, 'खरी नक्कल' हे शब्द, मागची बाजू. नावं पासपोर्टच्या स्पेलिंगला जुळवून लिहायची नाहीत. कागदावर 'शंकर' असेल तर 'शंकर', पासपोर्टवर काहीही असो.

यावरून आठवलं, मराठी ऑफिसांत हमखास सुटणारा रकाना: इंटरप्रिटर. पिटिशनरला इंग्रजी नीट कळत नाही आणि तुम्ही फॉर्म मराठीत वाचून दाखवला, तर आय-१३० वरचा इंटरप्रिटरचा भाग तुम्ही भरून सही करायची. तो रिकामा सोडून 'मी इंग्रजी वाचू शकतो' वर टिकमार्क केला, तर पुढे 'मला कळलंच नव्हतं' म्हणायची वेळ आली की दोघंही अडचणीत. सही शाईची. सही केलेल्या पानाची स्कॅन प्रत यूएससीआयएस घेतं, पण टाइप केलेलं नाव किंवा रबरी शिक्का सही म्हणून घेत नाही. शाईचं मूळ पान जपून ठेवा, मागू शकतात.

---

आकडेमोड

आय-८६४ वर कोणी बोललं नाही म्हणून.

पिटिशनरची मिळकत फेडरल पॉव्हर्टी गाइडलाइनच्या १२५ टक्के हवी (सक्रिय सैन्यसेवेतला माणूस जोडीदारासाठी किंवा मुलासाठी अर्ज करत असेल तर १०० टक्के). गडबड टक्क्यात होत नाही, डोकी मोजण्यात होते. मोजायचं असं: स्वतः पिटिशनर, जोडीदार, अवलंबून मुलं, टॅक्स रिटर्नवरचे इतर अवलंबित, या केसमध्ये येणारे सगळे, आणि पूर्वी ज्यांच्यासाठी आय-८६४ दिलं आणि ज्याचं बंधन अजून संपलेलं नाही ते. शेवटचा गट सगळे विसरतात. सहा वर्षांपूर्वी आईवडिलांना आणलं, ते अजून नागरिक झालेले नाहीत, तर ते दोघं मोजणीत आहेत.

उदाहरण: पिटिशनर, बायको, एक मूल, हे तीन. भाऊ, वहिनी, दोन मुलं, हे चार. एकूण सात. २०२५ च्या तक्त्यानुसार (अलास्का, हवाई सोडून) सात जणांचे १२५ टक्के म्हणजे ६०,८१२ डॉलर. आईवडील धरले तर नऊ, आणि आकडा चौऱ्याहत्तर हजारांच्या पुढे. तक्ता दरवर्षी बदलतो, चालू आय-८६४पी काढूनच बघा.

कमी पडलं तर: घरातल्या कमावत्या माणसाची मिळकत आय-८६४ए वर जोडता येते. मालमत्ता दाखवायची तर तुटीच्या पाचपट लागते (अमेरिकन नागरिकाच्या जोडीदारासाठी आणि १८ वर्षांवरच्या मुलासाठी तिप्पट). गावची शेती दाखवू म्हणतात लोक, पण ती वर्षभरात रोख करून अमेरिकेत आणता येईल हे दाखवावं लागतं, तिथे बहुतेक गाडी अडते. त्यापेक्षा जॉइंट स्पॉन्सर बरा: नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक, १८ पूर्ण, वास्तव्य अमेरिकेत. जॉइंट स्पॉन्सर आला म्हणून पिटिशनरचं आय-८६४ टळत नाही. दोन्ही लागतात, आणि पिटिशनरचं नसेल तर एनव्हीसी पुढे जातच नाही.

सोबत सर्वात अलीकडच्या वर्षाचा आयआरएस ट्रान्सक्रिप्ट द्या. रिटर्नची प्रत दिली तर डब्ल्यू-२ सुद्धा लागतो, आणि अर्धी पानं वगळली की फाइल परत. जॉइंट स्पॉन्सरला आधीच स्पष्ट सांगा: हे बंधन ४० क्वार्टर (साधारण दहा वर्षं) काम, नागरिकत्व, कायमचं देश सोडणं किंवा मृत्यू यानेच संपतं. घटस्फोटाने संपत नाही. आणि पत्ता बदलला तर ३० दिवसांत आय-८६५.

एनव्हीसीची फी: कौटुंबिक केसमध्ये माणशी ३२५ डॉलर, आय-८६४ तपासणीचे केसमागे एकदाच १२०.

दुसरं गणित सीएसपीएचं, म्हणजे रांगेत मुलांचं वय उलटू नये म्हणून केलेल्या कायद्याचं. एफ-४ मध्ये भारताची रांग वीस वर्षांच्या घरातली, म्हणजे भावाची मुलं २१ ओलांडायची भीती कायम. वय असं काढतात: व्हिसा उपलब्ध झाला त्या दिवशीचं वय, वजा आय-१३० जितके दिवस यूएससीआयएसकडे पडून होती तितका काळ. समजा मुलगी १० मार्च २००४ ची. पिटिशन दाखल जानेवारी २००८, मंजूर जानेवारी २०११, म्हणजे तीन वर्षं. व्हिसा उपलब्ध व्हायची तारीख समजा १ ऑक्टोबर २०२७. वय साडेतेवीस, वजा तीन, साडेवीस. वाचली. हीच पिटिशन तीन महिन्यांत मंजूर झाली असती तर मुलगी बाहेर. सरकारी दिरंगाईचा फायदा होणारी ही दुर्मिळ जागा. म्हणून मंजुरीची आय-७९७ आणि दाखल केल्याची पावती दोन्ही जपायच्या. हरवल्या असतील तर यूएससीआयएसकडे एफओआयए (तिथला माहिती अधिकाराचा अर्ज) करून प्रत काढता येते.

तारीख व्हिसा बुलेटिनमधली (रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारी मासिक पत्रक) कोणती? कॉन्सुलर केसला फायनल अ‍ॅक्शन डेट. अमेरिकेत राहून स्टेटस बदलणाऱ्यांसाठी यूएससीआयएस मध्यंतरी फायलिंगची तारीख धरत होतं. १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना तेही फायनल अ‍ॅक्शनच धरतं. आणि तारीख आल्यापासून एका वर्षात मुलीने स्वतःचा हक्क सांगितला पाहिजे, तिचा डीएस-२६० सबमिट करा. लग्न केलं की सगळं गणित बाद. घरात स्थळं बघणं चालू आहे का, हे विचारायला संकोच नको.

---

दप्तरी

वकीलबाईंशी एका ठिकाणी थोडा मतभेद. कागदावरचंच स्पेलिंग भाषांतरात ठेवायचं हे बरोबर, पण देवनागरी कागदावर इंग्रजी स्पेलिंग नसतंच. 'जोशी', 'पवार', 'वैद्य' कसं लिहायचं हे भाषांतरकार ठरवतो. तिथे पासपोर्टचंच स्पेलिंग घ्यावं, नाहीतर नसलेला फरक आपणच तयार करतो.

---

वकीलबाई

मान्य. उच्चार तोच असेल तर पासपोर्टचं स्पेलिंग घ्या. 'शंकर'चं 'शंकरराव' करू नका, एवढाच मुद्दा.

---

नवीपॅरालीगल

तक्ता करायला घेतला. पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) पोलीस ठाण्यातून आलेलं आहे, ते चालेल का? आणि सगळं मान्य होऊन केस 'डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड' झाली की मुलाखतीपर्यंत फाइल बाजूला ठेवायची का?

---

दप्तरी

पोलीस ठाण्याचं किंवा आयुक्तालयाचं नाही चालत. भारतीय नागरिकाला पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी लागतं, पासपोर्ट सेवेतून अर्ज करायचा. वय १६ पूर्ण असलेल्या प्रत्येकाला. पूर्वी दुसऱ्या देशात बारा महिने किंवा जास्त राहिला असेल तर त्या देशाचंही, तेव्हा दुबईत दोन वर्षं काढलेला नवरा असेल तर तिथलं आधी सुरू करा, ते सगळ्यात शेवटी येतं. पीसीसी दोन वर्षांनी शिळं होतं. पूर्वीच्या देशाचं असेल आणि माणूस परत तिथे गेला नसेल तर तेच चालतं.

फाइल बाजूला ठेवायची नाही, कॅलेंडरला लावायची. पीसीसीची दोन वर्षं. पासपोर्टची मुदत. मुलांचं २१ वं वर्ष, सीएसपीएच्या हिशोबासकट. एनव्हीसीशी वर्षातून एकदा तरी संपर्क, कारण वर्षभर काहीच हालचाल नसेल तर आयएनए २०३(जी) खाली केस बंद करण्याची प्रक्रिया सुरू होते. नवं वर्ष उलटलं तर आय-८६४ साठी नवा टॅक्स ट्रान्सक्रिप्ट हाताशी ठेवा, मुलाखतीला मागतात. पिटिशनरची तब्येतही विचारत जा. पिटिशनर गेला तर मंजूर पिटिशन आपोआप रद्द होते, आणि मानवतेच्या आधारावर ती जिवंत करायची तर दुसरा पात्र स्पॉन्सर लागतो.

मेडिकल घाईने करून घेऊ देऊ नका. त्याची मुदत साधारण सहा महिन्यांची, आणि व्हिसाची मुदत त्याच्या पुढे जात नाही. मुलाखतीची तारीख हातात आल्यावर, पॅनलवरच्या डॉक्टरकडेच.

मुलाखतीत २२१(जी) ची (काही कमी आहे म्हणून व्हिसा रोखल्याची) चिठ्ठी मिळाली तर तिच्यावर नेमकं काय मागितलंय त्याचा फोटो त्याच दिवशी मागवा. लोक फोनवर सांगताना अर्धं गाळतात. मागितलेलं द्यायला एक वर्ष असतं.

---

वकीलबाई

आरएफईचंही कॅलेंडर वेगळं ठेवा. नोटिशीवरची तारीख म्हणजे कागद तिथे पोचण्याची तारीख, पाठवण्याची नव्हे. उत्तर एकदाच आणि सगळं एकत्र: अर्धं आज, अर्धं पुढच्या महिन्यात असं नसतं. अर्धं गेलं तर तेवढ्यावरच निर्णय देतात. मूळ नोटीस गठ्ठ्याच्या सगळ्यात वर.

नवरा-बायकोच्या केसमध्ये आणखी एक. जी-२८ (वकील नेमल्याचा फॉर्म) पिटिशनरचं घेतलं म्हणजे बेनिफिशियरी आपोआप क्लायंट झाली असं धरू नका. दोघांचं काम घेत असाल तर एंगेजमेंट लेटरमध्ये तसं लिहा, आणि मतभेद झाला तर ऑफिस काय करेल तेही. बायकोने एकटीला फोन करून काही सांगितलं आणि 'ह्यांना सांगू नका' म्हटलं, तर ते ऐकून घेण्याआधी तिला थांबवा आणि फोन वकिलाकडे द्या.

आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या जवळ असतील तर प्रवासाची तारीख विचारपूर्वक घ्या. प्रवेशाच्या दिवशी दोन वर्षं पुरी नसतील तर सीआर-१, म्हणजे दोन वर्षांचं सशर्त कार्ड आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (अट काढण्याचा अर्ज). व्हिसावर सीआर-१ छापलेला असला तरी विमानतळावर उतरेपर्यंत दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर विवाहदाखला दाखवून आयआर-१ (बिनशर्त) म्हणून प्रवेश मागता येतो. क्लायंटला दाखल्याची प्रत हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा, चेक-इन केलेल्या नव्हे.